इंग्रजीत अडलं की काय बघायचं, कुठे बघायचं

‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लागतं का? ‘सोमवारपर्यंत’ला ‘टिल’ म्हणायचं की ‘बाय’? पाहुण्याने ‘हाफ एट’ला नाश्ता मागितला, तर चहाचं आधण किती वाजता ठेवायचं? गोव्यात असे प्रश्न परीक्षेच्या हॉलपेक्षा पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या होमस्टेंत, टॅक्सी स्टँडवर आणि पंचायतीला अर्ज लिहिताना जास्त पडतात. १९६१ पर्यंत इथला सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये निघे. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. तरी बँकेचा फॉर्म, कंपनीचा ईमेल आणि परदेशी पाहुण्याचा मेसेज बहुधा इंग्रजीतच येतो.

मराठी शाळेत शिकलेल्यांना व्याकरणाचे नियम साधारण पाठ असतात. तरी चुका होतात, कारण वाक्य मनात आधी मराठीत तयार होतं, आणि काही ठरावीक जागी मराठी जे सहज चालवून घेते ते इंग्रजी चालवून घेत नाही. त्या जागा फार नाहीत. त्या ओळखता आल्या की बहुतेक शंका कोणाला न विचारता सुटतात.

आधी पूर्ण वाक्य लिहा

एकट्या शब्दाबद्दल विचारलं तर उत्तर अर्धवट मिळतं. ‘रेंट’ म्हणजे भाड्याने घेणं की देणं? दोन्ही. पर्यटक म्हणतो ‘आय रेंटेड अ स्कूटर’, म्हणजे त्याने ती घेतली. देणारा ‘आय रेंटेड आउट माय स्कूटर’ म्हणाला की गोंधळ उरत नाही. म्हणून जे म्हणायचं आहे ते वाक्य कागदावर किंवा फोनमध्ये पूर्ण लिहा, आणि ते कोण वाचणार आहे तेही बाजूला टिपून ठेवा. लंडनचा पाहुणा, पणजीतला कारकून आणि बंगळुरूच्या कंपनीतली मॅनेजर या तिघांसाठी उत्तर एकच असेल असं नाही.

मग अडतंय नक्की कुठे ते बघा. शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर कोश पुरतो. अर्थ माहीत आहे पण शब्द वाक्यात बसत नाही, तर कोशातल्याच खुणा वाचाव्या लागतात. आणि वाक्य बरोबर असूनही समोरच्याला ते विचित्र वाटेल का, ही शंका असेल तर कोशाने भागत नाही. तिथे वापर बघावा लागतो.

कोश उघडायचा तो इंग्रजी-इंग्रजी

मराठी-इंग्रजी कोश किंवा फोनवरचं भाषांतर एका शब्दासमोर चार शब्द ठेवतं आणि निवड तुमच्यावर सोडून देतं. ‘आठवण करणे’ शोधून ‘रिमेंबर’ मिळालं, की माणूस लिहितो ‘प्लीज रिमेंबर मी टुमॉरो’. म्हणायचं असतं ‘रिमाइंड मी’. त्यापेक्षा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी केलेले कोश वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. या प्रकारचा कोश जन्मला तोच परक्यांसाठी: ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, त्यांचा कोश आधी १९४२ मध्ये तोक्योत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. छापील कोश चाळायला आवडत असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसा.

अर्थ वाचून कोश मिटू नका. शब्दाशेजारच्या बारीक खुणा जास्त कामाच्या असतात. नामापुढे ‘सी’ असेल तर ते मोजता येतं, ‘यू’ असेल तर येत नाही. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, फीडबॅक हे सगळे ‘यू’वाले. त्यांना ‘एस’ लागत नाही आणि त्यांच्याआधी ‘अ’ किंवा ‘टू’, ‘थ्री’ असा आकडाही येत नाही. ‘टू लगेजेस’ म्हणायचं असेल तर ‘टू बॅग्ज’ म्हणा, सोपं आणि बरोबर. ‘ॲन ॲडव्हाइस’च्या जागी ‘सम ॲडव्हाइस’. आता ‘माहिती’ मराठीतही आपण मोजत नाही, तरी इंग्रजीत ‘इन्फर्मेशन्स’ लिहायला हात का धावतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

दुसरी खूण क्रियापदाची. त्याच्यापुढे थेट कर्म येतं, की मध्ये ‘टू’, ‘फॉर’, ‘अबाउट’ असं काही लागतं? कोशातली उदाहरणं वाचली की ते कळतं. ‘डिस्कस’ थेट कर्म घेतं: ‘लेट अस डिस्कस द प्राइस’. मग ‘अबाउट’ येतं कुठून? ‘दराविषयी चर्चा करू’ यातल्या ‘विषयी’तून. मराठीत नाम अधिक ‘करणे’ अशी जोडी असते, म्हणून विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय सुटत नाही. इंग्रजीतही नाम वापरलं तर ते येतंच, क्रियापद झालं की गळून पडतं. ‘अ डिस्कशन अबाउट द प्राइस’, पण ‘डिस्कस द प्राइस’. ‘ॲन ऑर्डर फॉर टू प्लेट्स’, पण ‘ऑर्डर टू प्लेट्स’. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘रिक्वेस्ट लीव्ह’. ‘एम्फसिस ऑन’, पण नुसतं ‘एम्फसाइझ’. एवढं एक सूत्र धरून ठेवलं तर अर्जांतल्या कितीतरी चुका जातात. अपवाद आहेतच: ‘रिप्लाय’ला दोन्हीकडे ‘टू’ हवं, आणि ‘वेट’ला ‘फॉर’ सुटत नाही.

‘ला’ प्रत्ययाचंही असंच होतं. मला सांग, मला सुचव, मला समजाव. मराठीला तिन्ही सारखे. इंग्रजीत ‘टेल मी’ चालतं, पण ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी अ रेस्टॉरंट’ चालत नाही. ‘एक्स्प्लेन इट टू मी’ म्हणा, आणि ‘सजेस्ट अ रेस्टॉरंट’ एवढंच पुरे.

काळ: इथे सगळ्यात जास्त थांबा

मराठीतली तीन रूपं इंग्रजीत सरळ उतरवली की फसतात.

पहिलं, ‘मी काल अर्ज दिला आहे.’ मराठीत यात काहीच वावगं नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅव गिव्हन’ आणि ‘येस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. कधी झालं ते सांगितलंत, म्हणजे काल, गेल्या आठवड्यात, ४ मेला, २०१९ मध्ये, की साधा भूतकाळ: ‘आय गेव्ह द ॲप्लिकेशन येस्टरडे’. कधी ते न सांगता आता काय स्थिती आहे ते सांगायचं असेल तर ‘आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन’. लिहिलेल्या वाक्यात वेळ सांगणारा शब्द शोधा. तो संपून गेलेल्या वेळेचा असेल तर ‘हॅव’ काढा.

दुसरं, ‘काल मी पणजीला गेलो होतो.’ या ‘होतो’मुळे आपल्याकडे ‘आय हॅड गॉन टू पणजी येस्टरडे’ सर्रास ऐकू येतं. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे नुसतं जाऊन आलो. इंग्रजीतलं ‘हॅड गॉन’ दोन भूतकाळांतला आधीचा दाखवतं: ‘व्हेन द गेस्ट्स अराइव्ह्ड, आय हॅड गॉन टू पणजी’. पाहुणे आले त्याच्या आधीच मी निघालो होतो. दुसरी घटना वाक्यात किंवा निदान आसपास नसेल तर ‘हॅड’ची गरज नाही, ‘आय वेंट टू पणजी येस्टरडे’ म्हणा.

तिसरं, ‘मी दहा वर्षं इथे राहतोय.’ मराठी वर्तमानकाळ वापरते, कारण राहणं अजून चालू आहे. इंग्रजी मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लावते: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’, किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. ‘आय एम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’मध्ये दोन चुका आहेत. दुसरी ‘सिन्स’ची. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’ दोन्हीला मराठी एकच ‘पासून’ लावते, म्हणून ती होते. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कुठल्या क्षणापासून ते सांगायचं तर ‘सिन्स’. आणखी एक: कायमचं घर असेल तर ‘लिव्ह’, चार दिवसांचा मुक्काम असेल तर ‘स्टे’.

‘हॅविंग’बद्दल उलटसुलट सांगितलं जातं. मालकी किंवा नातं सांगताना ‘आय एन जी’ नको: ‘वी हॅव थ्री रूम्स’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. खाणं-पिणं किंवा अनुभवणं असेल तर चालतं: ‘वी आर हॅविंग लंच’, ‘वी आर हॅविंग अ प्रॉब्लेम विथ द पंप’. तेव्हा ‘हॅविंग’ दिसलं की खोडायचं, ही शाळेतली सवय सोडा.

आणि घराचे मालक मडगावला गेलेत हे पाहुण्याला सांगताना ‘ही हॅज गॉन टू मडगाव’ म्हणालात तर ते अजून तिकडेच आहेत. ‘ही हॅज बीन टू मडगाव’ म्हणजे जाऊन आले.

एका ‘पर्यंत’चे दोन शब्द

‘नाश्ता दहापर्यंत मिळेल’ आणि ‘खोली अकरापर्यंत सोडा’. मराठी शब्द एकच. इंग्रजीत पहिली गोष्ट दहापर्यंत चालू राहते, म्हणून ‘ब्रेकफास्ट इज सर्व्ह्ड टिल टेन’. दुसरी अकराच्या आत एकदाच घडायची आहे, म्हणून ‘प्लीज चेक आउट बाय इलेव्हन’. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. अर्थ बदलला नाही तर ‘बाय’, बदलला तर ‘टिल’. ‘सेंड द मनी टिल मंडे’ लिहिलंत तर पाहुण्याला वाटेल, सोमवारपर्यंत रोज पाठवायचे की काय!

‘हाफ एट’ हा ब्रिटिश बोलीतला साडेआठ. पण जर्मन माणसाच्या भाषेत ‘अर्धा आठ’ म्हणजे साडेसात, आणि तो इंग्रजी बोलतानाही कधी तसंच म्हणून जातो. ऐकलं की ‘एट थर्टी?’ असं उलट विचारा. तारखेचंही तेच. ५/६ म्हणजे आपल्याला आणि इंग्लंडला ५ जून, अमेरिकेला ६ मे. बुकिंगमध्ये महिना अक्षरांत लिहा. ‘फर्स्ट फ्लोअर’ अमेरिकनांना तळमजला वाटतो. लाख-कोटी परदेशी माणसाला कळत नाहीत, तिथे पूर्ण आकडा द्या.

हो, नाही आणि ‘येतो हां’

हे पुस्तकात फारसं सापडत नाही, पण बोलण्यात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. ‘तुम्ही मासे खात नाही?’ याला मराठी उत्तर ‘हो, खात नाही’. आपण प्रश्नाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘डोन्ट यू ईट फिश?’ला न खाणारा ‘नो, आय डोन्ट’ म्हणतो. ‘येस’ म्हणालात तर खाता असा अर्थ, आणि पुढ्यात विसवणाची तुकडी येईल. प्रश्न कसा विचारला ते विसरा. तुमची वस्तुस्थिती होकारी असेल तर ‘येस’, नकारी असेल तर ‘नो’.

‘डू यू माइंड इफ आय स्मोक हिअर?’ला तर उत्तर उलटं वाटतं. ‘माइंड’ म्हणजे हरकत. ‘येस’ म्हणजे हरकत आहे. चालत असेल तर ‘नो, गो अहेड’ किंवा ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचं. डोकं चालेनासं झालं तर ‘येस-नो’ दोन्ही टाळून ‘प्लीज, गो अहेड’ म्हणा.

निघताना आपण ‘येतो हां’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. ते ‘आय एम कमिंग’ झालं की पाहुणा दाराशी वाट बघत राहतो. तिथे ‘आय एम ऑफ, सी यू टुमॉरो’ म्हणा.

‘टू टेस्टी’, ‘टू गुड’ हे कौतुक म्हणून आपल्यात चालतं. परदेशी माणूस मात्र ‘टू स्पायसी’ म्हणाला तर ती तक्रार समजा, ‘टू’ म्हणजे नको इतकं. नुसतं खूप असेल तर ‘व्हेरी’.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं. ॲन अवर, ॲन एफआयआर, ॲन एमबीए. पण अ युनिव्हर्सिटी, अ यूपीआय पेमेंट, कारण तोंडात सुरुवात ‘य’ने होते. ‘द’ साठी स्वतःला ‘कुठला?’ असं विचारा. ऐकणाऱ्याला कुठला ते आधीच ठाऊक असेल तर ‘द’, नसेल आणि वस्तू एकच असेल तर ‘अ’. नावांपुरतं एवढं लक्षात ठेवा: नदी आणि समुद्राला ‘द’ लागतं, द मांडवी, द अरेबियन सी. तळ्याला आणि धबधब्याला लागत नाही, मये लेक, दूधसागर फॉल्स. बाकी बारकावे वाचून वाचून अंगवळणी पडतात, नियम पाठ करून नाही पडत.

सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत कान कामाला येतो. शेवटी ‘स’ असलेलं ‘ॲडव्हाइस’ नाम, ‘झ’ असलेलं ‘ॲडव्हाइझ’ क्रियापद. ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन ओ. ‘लूझ’ म्हणजे हरवणं, त्यात एकच ओ. ‘इट्स’मध्ये ‘एस’च्या आधी वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) हवा का, हे ठरवायला तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचा. वाक्य बसलं तर हवा.

आपली इंग्रजी चूक म्हणायची का?

‘प्रीपोन’वर हसणारे पुष्कळ भेटतात. हा शब्द भारतीय इंग्रजीतला म्हणून मोठ्या कोशांत नोंदलेला आहे, आणि ‘पोस्टपोन’च्या उलट इतका नेमका शब्द इंग्रजांकडे नाही. पुण्या-मुंबईच्या ऑफिसला बिनधास्त लिहा. परदेशी पाहुण्याला ‘वी हॅव मूव्ह्ड इट टू अ‍ॅन अर्लियर डेट’ लिहा. माझा निकष एवढाच: वाचणाऱ्याला कळेल का, आणि भलतंच काही कळेल का.

भलतं कळणारे शब्द वेगळे काढून ठेवा. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ वाचून बाहेरच्याला वाटतं, तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘आय विल रिव्हर्ट’च्या जागी ‘आय विल रिप्लाय’. मेनूकार्डावर ‘मटण’ लिहिलंत तर ब्रिटिश माणसाला मेंढी वाटते, आपल्याकडे तो बोकड असतो. तेव्हा ‘गोट’ लिहून टाका. ‘ब्रिंजल’ बिचारं इथलंच, पोर्तुगीज ‘बेरिंजेला’तून आलेलं. पण ब्रिटिश त्याला ‘ओबर्जीन’ म्हणतात आणि अमेरिकन ‘एगप्लांट’. ‘लेडीज फिंगर’ला ‘ओक्रा’ म्हटलं की दोघांनाही कळतं.

गोव्यातल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी येणारं ‘नो?’ आणि ‘मेन’ शेजाऱ्याशी गप्पा मारताना छान वाटतं. ते काढून टाकायला सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. अर्जात मात्र ते नको.

ताळा करा

वाक्य तयार झालं की त्यातला शंकेचा तुकडा, तीन-चार शब्दांचा, दुहेरी अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. किती निकाल आले त्या आकड्यावर जाऊ नका, तो बेभरवशाचा असतो. लिहिलंय कोणी ते बघा. वर्तमानपत्रं, विद्यापीठं, सरकारी संकेतस्थळं तसं लिहीत असतील तर ठीक. ब्रिटिश की अमेरिकन हा प्रश्न असेल तर गूगलचं एनग्रॅम पान, म्हणजे छापील पुस्तकांत शब्द किती वापरला गेला ते मोजणारं, दोन्हींचा आलेख वेगवेगळा दाखवतं. फोनमधल्या सुधारणा सुचवणाऱ्या सोयीने शब्द बदलला तर का बदलला ते कळल्याशिवाय स्वीकारू नका. ती व्याकरण सुधारताना कधी अर्थच फिरवते.

आता हे सगळं एका अर्जावर लावून बघू. कच्चा मसुदा असा:

‘रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ रेसिडेंट ऑफ धिस वॉर्ड. आय एम स्टेइंग हिअर सिन्स टेन इयर्स. आय हॅड गिव्हन ॲप्लिकेशन ऑन ४ मे रिगार्डिंग गटर. वी हॅव डिस्कस्ड अबाउट इट विथ वॉर्ड पंच लास्ट वीक. प्लीज क्लीन इट टिल १ जून. काइंडली डू द नीडफुल.’

‘मायसेल्फ’ने ओळख करून देता येत नाही, ‘आय एम’ हवं. इथे तर इथले रहिवासी असल्याचं पुढच्याच वाक्यात येतंय, म्हणून पहिलं वाक्यच काढू. कायमचं घर, म्हणून ‘लिव्ह्ड’ आणि ‘फॉर’. ४ मे ही तारीख आहे, म्हणून ‘हॅड’ गेलं. ‘लास्ट वीक’ आहे, म्हणून ‘हॅव’ही गेलं. त्याच वाक्यातून ‘अबाउट’ गेलं. १ जूनच्या आत, म्हणून ‘बाय’. ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं ते कारकुनाला कळत नाही आणि काम वरच्या वाक्यात सांगितलंच आहे, तेही काढलं:

‘डिअर सर, आय हॅव लिव्ह्ड इन धिस वॉर्ड फॉर टेन इयर्स. ऑन ४ मे आय सबमिटेड ॲन ॲप्लिकेशन अबाउट द ब्लॉक्ड गटर इन अवर लेन. वी डिस्कस्ड इट विथ द वॉर्ड पंच लास्ट वीक. प्लीज हॅव इट क्लीन्ड बाय १ जून, बिफोर द रेन्स.’

‘रिस्पेक्टेड सर’ ठेवलंत तरी पंचायतीत कोणी नाक मुरडणार नाही. खाली ‘युवर्स फेथफुली’, सही आणि पत्ता, आणि आधीच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली असेल तर ‘अ कॉपी ऑफ माय अर्लियर ॲप्लिकेशन इज अटॅच्ड’ ही ओळ.